कच्ची वही, पक्की वही

मृग नक्षत्र लागते न लागते तोच कयाधूच्या खोऱ्यातील कास्तकाराला एकाच आठवड्यात दोन खरेद्या उरकाव्या लागतात. एक बी-बियाण्याची आणि दुसरी वह्यांची. नांदेडहून हिंगोलीस जाणाऱ्या हमरस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात वसलेल्या आखाडा बाळापूर या बाजाराच्या गावी जूनच्या आरंभी जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याला एकाच पिशवीत बियाण्याची थैली आणि दोनशेपानी वह्यांचा गठ्ठा शेजारी शेजारी बसलेला दिसेल, आणि दोहोंचा खर्च एकाच कनवटीतून, बहुधा एकाच उसनवारीतून झालेला असेल. बियाण्याचे पुढे काय झाले ते दसऱ्यापर्यंत साऱ्या शिवाराला कळते. वहीचे पुढे काय झाले, तिच्यात कोणी काय लिहिले आणि ते कोणासाठी लिहिले, याची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही.

अलीकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून ‘परस्परसंवादी वही’ या नावाची एक कल्पना ऐकू येते. अमेरिकेतील इतिहास आणि समाजशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ती विशेषेकरून रूढ केली. वहीची समोरासमोरची दोन पाने दोघांत वाटून द्यावयाची. उजव्या पानावर शिक्षकाने सांगितलेला, फळ्यावरून उतरलेला किंवा पुस्तकातून घेतलेला मजकूर, आणि डाव्या पानावर त्याच मजकुराचे विद्यार्थ्याने आपल्या बुद्धीने जे काही केले असेल ते, म्हणजे चित्र, नकाशा, शंका, शिवाजीमहाराजांच्या एखाद्या किल्लेदाराला लिहिलेले दोन ओळींचे पत्र, चिकटवलेले पिंपळाचे पान, क्वचित शिक्षकाशी केलेला वादही. तिच्याही आधी कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक या अध्यापकाने टिपणे घेताना पानाच्या डाव्या बाजूस एक पट्टी कोरी सोडावी आणि तीत मागाहून आपले प्रश्न लिहावेत, अशी पद्धत शिकविली होती आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाने ती जगभर पोहोचविली. कल्पना साधी आहे आणि माझ्या मते चांगली आहे. परंतु ती आपल्याकडे आज प्रथमच अवतरत आहे असे जे भासविले जाते, ते आपल्या वहीचा इतिहास ठाऊक नसल्याचे लक्षण होय. ही दोन पाने आपल्या मुलांजवळ पिढ्यानुपिढ्या होतीच. त्यांच्या दोन निराळ्या वह्या होत्या, एक पक्की आणि एक कच्ची, आणि त्या दोहोंत उघडउघड सोवळेओवळे पाळले जात असे.

वहीच्याही आधी धूळ होती. बाळापूरच्या नावात आलेला ‘आखाडा’ हा शब्द व्युत्पत्तीचे जाणकार संस्कृत ‘अक्षवाटा’पर्यंत मागे नेतात, तो मल्लांचा असो वा साधूंचा, आखाडा म्हणजे नित्य सरावासाठी राखलेली जागा, आणि मल्लाची ती जागा मातीची असते. अक्षर शिकणाऱ्या पोराचा आखाडाही मातीचाच असे. लाकडी फळीवर विटेची वस्त्रगाळ पूड पसरावी, तीत बोटाने किंवा काडीने अक्षर रेखावे, गुरुजींनी ते नजरेखालून घालावे, आणि मग तळहात फिरवून ते नाहीसे करावे, हा धूळपाटीचा क्रम शतकानुशतके चालला आणि ‘धुळाक्षरे गिरवणे’ या शब्दांत तो अजून भाषेच्या अंगाला चिकटून राहिला आहे. गणितात तर धुळीला शास्त्राची प्रतिष्ठा होती. पाटीवर करावयाचे म्हणून ते पाटीगणित, आणि त्याच कर्माला धूलिकर्म असेही नाव होते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ या पाटीगणिताचीच आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात, चाळीसगावाजवळच्या पाटण येथे मठ चालविला, असे तेथील १२०७ सालच्या शिलालेखावरून कळते. भारतीय अंक पश्चिमेकडे गेले तेव्हा ही धूळही त्यांच्या पायाला लागून गेली. अरबी जगाच्या पश्चिम भागात त्या अंकांना ‘गुबार’ म्हणजे धुळीचे अंक असेच म्हणत असत, आणि दमास्कस येथे इ. स. ९५२ च्या सुमारास हिंदी हिशेबपद्धतीवर ग्रंथ रचणाऱ्या अल्-उक्लीदिसीने धूळपाटी टाकून कागद आणि शाई घ्यावी, असा जो आग्रह धरला, त्याच्या कारणांत रस्त्याच्या कडेला धूळपाटी मांडून बसणाऱ्या भविष्यवाल्यांच्या पंगतीस भल्या माणसाने बसू नये, हेही एक होते. प्रतिष्ठितांना धूळ नकोशी होण्याची ही परंपरा, म्हणजे, हजार वर्षांची तरी आहे. धुळीवर चुकलेले मूल चुकले याचा पुरावा मात्र कोठे राहत नसे, ही गोष्ट त्या थोर गणितज्ञाच्या ध्यानात आली असली तरी तिचे सुख त्याला जाणवले नसावे.

या धुळीचा एक प्रवास आणखी विलक्षण आहे. १७८९ साली मद्रासेस एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाची देखरेख अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. आश्रमातील शिक्षक काही केल्या नवे शिकविण्यास राजी होत नव्हते. तशात बेलसाहेबाने मलबारी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली, आणि ती पद्धत त्याने मोठ्या मुलांकरवी लहान मुलांना शिकवून आपल्या आश्रमात सुरू केली. १७९७ साली त्याने लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. ‘मद्रास पद्धती’ म्हणून इंग्लंडातील गरिबांच्या शाळांतून वाळूच्या थाळ्या आल्या, आणि पुढे थोड्याच वर्षांत हीच पद्धत विलायती शोध म्हणून मुंबई इलाख्याच्या नव्या शाळांत परत आली. आपली वस्तू आपल्यालाच परदेशी वेष्टनात मिळण्याचा हा प्रकार शिक्षणाच्या प्रांतात तेव्हापासून चालू आहे, आणि परस्परसंवादी वहीच्या कथेतही त्याची पुनरावृत्ती व्हावी याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही.

धुळीवरून उठलेला हात कागदावर येईतो मध्ये बराच काळ जाई, कारण कागद महाग होता. आमच्या मुलखाला तो दौलताबादेजवळच्या कागदीपुऱ्याचा ठाऊक. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीस हलविली तेव्हापासून तेथे कागद बनविणाऱ्यांची वस्ती झाली असे सांगतात, आणि त्यांचा घोटीव, टणक, किंचित पिवळसर कागद सरकारी दप्तरांत आणि सावकारी वह्यांत जात असे. असला कागद पोराच्या हाती कोण देणार? तो मिळे तो अक्षर वळणावर आल्यानंतर, आणि मिळे तोही कित्ता गिरविण्यासाठी. ‘कित्ता’ हा शब्द अरबी ‘कित्आ’चा, म्हणजे तुकड्याचा, मराठी अवतार आहे, फारसी आणि उर्दू सुलेखनात उस्तादाच्या हातचा नमुनेदार लेखनखंड तो कित्आ. पंतोजीने बोरूने ओळ काढून द्यावी आणि मुलाने तिच्यावरून, मग तिच्याखाली, तीच ओळ काढावी, काजळाची शाई वाळावी म्हणून तिच्यावर बारीक वाळू भुरभुरावी, आणि असे करता करता दोन-चार वर्षांत त्याचा मोडी हात असा व्हावा की कारकून कोण हे अक्षरावरून ओळखू येऊ नये. दप्तरी वळण म्हणतात ते हे. ज्या विद्येचे अंतिम साध्य पटवाऱ्याच्या किंवा देशपांड्याच्या दप्तरात एक बिनचूक, निर्व्यक्तिक हात पुरविणे हे होते, तिच्या वहीत मुलाच्या स्वतःच्या पानाला जागा असणे शक्यच नव्हते, आणि त्यासाठी पंतोजीला दोष देण्यात अर्थ नाही; धान्याच्या दोन पायल्यांवर तो आणखी काय देणार? मुलाच्या खांद्यावरच्या पिशवीला आपण आजही दप्तर म्हणतो. ग्रीक भाषेत कमावलेल्या कातड्याला असलेला ‘डिफ्थेरा’ हा शब्द इराणातून फिरत फिरत सरकारी कागदांच्या रुमालापर्यंत आला आणि शेवटी सहा वर्षांच्या पोराच्या पाठीवर बसला, यात शाळेविषयीची आपली सारी कल्पना न बोलता सांगितली गेली आहे.

बाळापूर हे निजामाच्या राज्यात होते, आणि या राज्यात वहीला आणखी एक पीळ पडला. सालारजंगांच्या दिवाणगिरीत, १८६० च्या सुमारास, दर तालुक्यास फारसीची एक आणि देशी भाषेची एक अशा दोन शाळा काढाव्यात असे ठरले; १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर कारभाराची घडी बसत गेली, आणि पुढे कचेरीची भाषा फारसीवरून उर्दूवर आली. शाळांच्या पायऱ्यांची नावेही त्याच थाटाची होती: तहतानिया म्हणजे खालची, वस्तानिया म्हणजे मधली, फौकानिया म्हणजे वरची. मातृभाषा चालावयाची ती खालच्या पायरीवर. वरच्या पायऱ्यांचे माध्यम उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने ते थेट पदवीपर्यंत नेले. या साऱ्याचा पसारा फार मोठा होता असे कोणी समजू नये. १९०१ च्या खानेसुमारीत संस्थानात लिहितावाचता येणारी माणसे शेकडा तीनच्या आसपास भरली. परंतु त्या तिघांतला जो मराठी मुलगा वस्तानियापर्यंत पोहोचे, त्याच्या हाती मोठी मौजेची सामग्री येई. त्याच्याजवळ मुलतानी मातीने सारवलेली तख्ती असे आणि दगडी पाटीही असे. त्याच्या एका वहीवर बाळबोध अक्षरात श्री लिहिलेला असे आणि ती डावीकडून उघडे, तर दुसरीवर बिस्मिल्ला असे आणि ती उजवीकडून उघडे. आणि दोहोंवर तारीख मात्र फसली सनाची, १३५० फसली म्हणजे इंग्रजी १९४०-४१, असा हिशेब त्याने मनातल्या मनात करावयाचा. आजच्या प्रशिक्षणवर्गात डावे पान मुलाचे आणि उजवे गुरुजींचे असे सांगतात तेव्हा मला या मुलाची आठवण होते. त्याला कोणते पान आपले हे ठरविण्यापूर्वी वही कोणत्या बाजूने धरावी हेच आधी ठरवावे लागले असते.

शाळा तपासावयास मोहतमीम तालीमात येत. त्यांचा मुआइना हा गावाच्या वर्षातला एक प्रसंग असे. अंगण सारवले जाई, टोप्या धुतल्या जात, आणि मुलांच्या वह्यांतून निवडक वह्या वर ठेवल्या जात. त्या वह्यांत खाडाखोड नसे, डाग नसे, चूक नसे, आणि खरे म्हणजे मूलही नसे. पक्की वही या संस्थेचा जन्म मी या मुआइन्याच्या भीतीत पाहतो. शेरेबुकात साहेब काय लिहून जातील यावर मास्तरांची बदली-बढती अवलंबून, मास्तरांची मर्जी वहीच्या नीटनेटकेपणावर अवलंबून, आणि म्हणून वही हा शिकण्याचा नव्हे तर शिकविले गेल्याचा दस्तऐवज झाला. याविरुद्ध मराठवाड्यात जे उठले, त्यांत १९२१ साली निघालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांची नावे प्रथम येतात. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते, आणि संस्थानच्या मुक्तिलढ्याचा हा पुढारी मुळात वर्गात उभा राहणारा मास्तर होता हे विसरले जाते. परंतु त्या शाळांना भाषा आणि देश यांचा लढा द्यावयाचा होता. वहीच्या पानाकडे वळायला त्यांना उसंत कोठून मिळावी!

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, १९६२ पासून खेड्यांतल्या शाळा जिल्हा परिषदांच्या झाल्या, १९६७ साली बालभारती स्थापन होऊन सगळ्या राज्याच्या मुलांच्या हाती एकच पुस्तक पडू लागले. मोहतमीम गेले आणि शिक्षणविस्तार अधिकारी आले. मुआइन्याची तपासणी झाली. उजवीकडून उघडणारी वही मराठी मुलाच्या दप्तरातून गेली. पक्की वही मात्र तशीच राहिली, उलट तिला आता छापील रेघा आल्या: एकरेघी, दुरेघी, चौरेघी. आणि तिच्या सावलीत, कोणत्याही सरकारी परिपत्रकात नाव नसलेली कच्ची वही मोठी होत गेली.

कच्ची वही विकत मिळत नसे; ती घरी होई. मे महिन्याच्या अखेरीस गतवर्षीच्या साऱ्या वह्या बाहेर काढावयाच्या, त्यांतली शेवटची कोरी राहिलेली पाने टाचण्या उचकटून अलगद सोडवावयाची, आखीव-बिनआखीव, लांब-आखूड अशी मिळतील ती पाने एकावर एक ठोकून बसवावयाची, आणि वडिलांनी किंवा थोरल्या भावाने पोती शिवावयाच्या दाभणाने मधोमध तीन भोके पाडून सुतळीने ती शिवून द्यावयाची. मुखपृष्ठास जुन्या पंचांगाचा किंवा साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा. या वहीत आज्ञा कोणाचीच चालत नसे. गणित प्रथम तीत सुटे, किंवा सुटत नसे, आणि मग त्याचे उत्तर पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात जाई. निबंधाचे पहिले वाक्य तीत सहा वेळा खोडले जाई. औटकीचा पाढा चुकतो तेथे त्याच्यापुढे फुली असे. नकाशातली गोदावरी भलतीकडे वाहून समुद्रास न मिळताच थांबलेली असे. मास्तरांचे चित्र असे, त्यांच्या नाकासकट. आणि घरी लिहितावाचता येणारे दुसरे कोणी नसेल तर आडतीच्या हिशेबाची पट्टीही त्याच वहीत ताडून पाहिली जाई, त्यामुळे इतिहासाच्या सनावळीशेजारी हळदीच्या पोत्यांचा आकडा बसलेला असे. मास्तर तांबड्या शाईने ‘पाहिले’ असा शेरा मारीत तो पक्क्या वहीत. कच्ची वही त्यांनी पाहिली तर छडी मिळण्याचाच संभव अधिक. ज्या वहीत मुलगा शिकला ती कोणी तपासली नाही, आणि जी तपासली गेली तीत तो शिकून झाल्यावर केवळ नक्कल करीत होता, असा हा उफराटा न्याय दोन-तीन पिढ्या निर्वेधपणे चालला. तो मीही भोगला आहे. माझ्या पक्क्या वह्या आईने लोखंडी पेटीत जपून ठेवल्या होत्या, आणि आज त्या उघडून पाहतो तेव्हा तो मुलगा कोण होता याचा मला त्यांतून काहीएक पत्ता लागत नाही.

न्याय उफराटा म्हणतो, परंतु तो शाळेने शोधून काढलेला नव्हता. तो दप्तराचाच होता. पेशव्यांच्या फडावर काय, निजामाच्या कचेरीत काय किंवा पेठेतल्या आडत्याच्या गादीवर काय, आधी खर्डा होई आणि मग खर्ड्यावरून रोजकीर्द, रोजकीर्दीवरून खतावणी. खर्ड्याला पुरावा म्हणून किंमत नाही. कीर्दीत खाडाखोड झाली तर मात्र कारकुनावर बालंट येई. हिशेबाच्या व्यवहाराला हे शहाणपणाचे आहे. पण इतिहाससंशोधक जेव्हा या दप्तरांत शिरतात तेव्हा त्यांचा जीव खर्ड्यासाठी आसुसलेला असतो, कारण कारभाऱ्याने आधी कोणता शब्द लिहिला आणि मग तो का खोडला हे तेथेच कळते. मुलाच्या बाबतीत तो खर्डा आपण दरवर्षी चुलीत घातला.

आता ज्या वहीत खर्डा आणि कीर्द एकत्र नांदली अशी एक वही आमच्याच मुलखात होती, ती सांगितली पाहिजे. बाळापूर ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून पूजिले जाते, आणि ज्या विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केले त्यांचे औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. नामदेवांची परंपरा मुळात कीर्तनाची, म्हणजे उभे राहून, लोकांसमोर, त्या क्षणी बोलण्याची. आणि या उभ्या विद्येने जी वही निर्माण केली तिचे नाव बाड. पोथी सुट्या पानांची, सोवळ्यात बांधलेली, पाठावर ठेवून वाचावयाची. बाड मात्र पानांची एक कड शिवून केलेले, काखोटीस मारून गावोगाव नेण्याजोगे. त्यात एखादा ग्रंथ सलग उतरलेला नसतो. नामदेवांच्या अभंगाशेजारी तुकोबांचा अभंग, त्याच्याखाली कथेचा एक धागा, कोठे नुसता पहिला चरण कारण पुढचे तोंडपाठ आहे, कोठे दृष्टान्ताची खूण, मध्येच एखादे औषध किंवा देण्याघेण्याची नोंद. आणि बापाचे बाड मुलाकडे आले की मुलाच्या हाताची भर त्याच पानावर. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरासारख्या संग्रहांत अशी बाडे रुमालांत बांधून ठेवलेली आहेत, आणि अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी नामदेवांच्या परंपरेवरील आपल्या २००८ सालच्या ग्रंथात या बाडांचा विचार फार आस्थेने केला आहे. गुरूकडून आलेला शब्द आणि त्या शब्दाचे आपण उद्या लोकांसमोर काय करणार याची तयारी, ही दोन्ही बाडाच्या एकाच पानावर असत. ज्याला आज डावे पान म्हणतात ते हेच. युरोपातही वाचलेल्यातून वेचे उतरून ठेवण्याची वही विद्वानांजवळ असे, आणि जॉन लॉकसारख्या तत्त्वज्ञाने तिची सूची कशी करावी यावर १६८६ साली निबंध छापला. पण ती एकान्तात बसणाऱ्याची वही होती, आणि बाड हे लोकांत उभे राहणाऱ्याचे. बाड प्रौढांचे होते, कीर्तनकाराच्या पोटापाण्याचे होते. ते शाळेत कोणी आणले नाही. पंतोजीच्या ओसरीपासून देवळातल्या कीर्तनापर्यंतचे अंतर पन्नास पावलांचे, पण ते कोणी ओलांडले नाही.

विसाव्या शतकात ते ओलांडण्याचे प्रयत्न झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेतून जी नई तालीम निघाली, तिच्या शाळांत मुलांनी स्वतः कातलेल्या सुताची आणि दिवसाच्या कामाची नोंद ठेवावी अशी अपेक्षा होती. म्हणजे वहीत मजकूर मुलाच्या हातून घडलेल्या गोष्टीचा. कोल्हापुरास लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले आणि मुलांनी आपल्या अनुभवाचे, आपल्या शब्दांत लिहावे हा तेथील रोजचा शिरस्ता केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. पाठोपाठ ज्ञानरचनावाद हा शब्द तालुक्या-तालुक्याला पोहोचला आणि साताऱ्याकडचे कुमठे बीट पाहावयास राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. मराठवाड्यातल्या अनेक शाळांच्या फरश्या त्यानंतर अक्षरांनी आणि आकड्यांनी रंगल्या. जमिनीवर बसून, जमिनीवरच खडूने लिहून पुसणारी ती मुले पाहताना धूळपाटी पुन्हा परतल्यासारखे वाटे, आणि त्या काळात जे काही झाले त्यात मला सर्वांत आवडलेले तेच.

मग सरकारनेच एकदा मुलाला कोरे पान देऊन पाहिले. २०२३ च्या मार्चमध्ये निर्णय होऊन त्या वर्षीच्या बालभारतीच्या प्राथमिक इयत्तांच्या पुस्तकांत पाठांना जोडून वहीची पाने आली. त्यांवर ‘माझी नोंद’ असा मथळा होता. वर्गात चालू असताना मुलाने महत्त्वाचे शब्द, आपल्या शंका, आपली टिपणे तेथेच लिहावीत, आणि पुस्तकाचे भाग पाडल्याने व वेगळी वही न आणल्याने दप्तराचे ओझेही उतरावे, असा दुहेरी हेतू होता. हेतूबद्दल मला शंका नाही. ‘माझी’ हा शब्द सरकारी पुस्तकाच्या पानावर छापून यावा ही गोष्ट मोहतमिमांच्या काळापासून पाहता लहान नव्हे. परंतु जानेवारी २०२५ मध्ये हा प्रयोग मागे घेण्यात आला. मुले पूर्वीप्रमाणेच वह्या आणीत होती, त्यामुळे ओझे काही उतरले नाही, हे त्याचे प्रमुख कारण.

मुले वह्या का आणीत राहिली याचे उत्तर, मला वाटते, याच इतिहासात आहे. पुस्तकात शिवलेले पान कितीही कोरे असले तरी ते पक्केच. त्याच्या पाठीमागे धडा आहे, पुढे स्वाध्याय आहे, वर छापील मथळा आहे. त्यावर मास्तरांचे नाक काढण्याची कोणाची छाती होणार? तेथे प्रश्नोत्तरे सुवाच्य अक्षरात उतरावीत हीच शिक्षकांची, पालकांची आणि मुलांचीही सहजप्रवृत्ती, कारण ज्या पानाची तपासणी होऊ शकते त्या पानावर चूक करावयाची नसते हे शहाणपण धुळीवरून कागदावर आल्या दिवसापासून आमच्या रक्तात मुरले आहे. डाव्या पानाचे विलायती पुरस्कर्ते त्यालाही गुण द्या म्हणतात, त्याचे निकष छापतात, सुबक रंगीत तक्ते करून देतात. तेव्हा माझ्या मनात शंका येते की तेही आणखी थोड्या वर्षांत त्याची पक्की वही करून ठेवतील. आखाड्यात रोजचा जोर-बैठकांचा घाम कोणी लिहून ठेवीत नाही. फडावरची कुस्ती तेवढी लोक पाहतात, पण पैलवान घडतो तो त्या न पाहिलेल्या मातीत, आणि तेथे उभा असतो तो वस्ताद, हातात छडी नसलेला, पडलेल्याला पुन्हा उठून पकड घ्यावयास सांगणारा. कच्च्या वहीजवळ असा वस्ताद उभा राहिला तर त्याने तीत काय करावे? मला विचाराल तर त्याने ती वाचावी, आणि तीत काही लिहू नये. फार तर एखाद्या खोडलेल्या ओळीपाशी बोट ठेवून, हे का रे खोडलेस, एवढे विचारावे.

आज मे महिन्याच्या अखेरीस बाळापूरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर दाभण आणि सुतळी निघते की नाही, हे घराघरावर आहे. वह्या पूर्वीच्या मानाने मुबलक झाल्या, काही फुकटही मिळतात, आणि जुन्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. परंतु जेथे ती निघते तेथे काम त्याच क्रमाने चालते: ओसरीवर वह्यांचा ढीग, मागची कोरी पाने वेगळी, पुढची लिहिलेली वेगळी, बाहेर आभाळ भरून आलेले, शिवणाऱ्याला पेरणीची घाई आणि पोराला पाने मोजण्याची. त्या घाईत कोऱ्या पानांच्या गठ्ठ्यात गतवर्षीचे एक लिहिलेले पान हमखास शिवले जाते. त्यावर एक अर्धे राहिलेले गणित असते, आणि आषाढात कधीतरी पाने उलटता उलटता मूल तेथे पोहोचते, आपलेच अक्षर न ओळखून क्षणभर थबकते, आणि मग खालच्या मोकळ्या जागेत ते पुढे सोडवू लागते.